पडद्यावरील प्रशिक्षण रुग्णाच्या खाटेपर्यंत कसे पोहोचते?



रुग्णालयाच्या जमाखर्चात ‘कर्मचारी प्रशिक्षण’ हे शीर्ष वर्षानुवर्षे एका ओळीत उरकले जात असे. इमारत, यंत्रसामग्री, औषधे आणि वेतन यांच्या रकमांपुढे ती ओळ कोणाच्या नजरेत भरत नसे. अलीकडे मात्र याच शीर्षाखाली इंटरनेट जोडणी, भिंतीवरील पडदा, हेडफोन, वीज गेल्यावर चालणारा बॅटरीसंच असे तपशील दिसू लागले. तेव्हा एका ज्येष्ठ देणगीदारांनी सभेत सरळ प्रश्न केला, “आम्ही पैसे रुग्णांसाठी देतो. संगणकावर भाषणे ऐकण्यासाठी ते का खर्च व्हावेत?”

प्रश्न रास्त होता. त्यास मी दिलेले उत्तर मात्र मलाच अपुरे वाटले. प्रस्तुत लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर होय. मी वैद्यकीय शाखेचा नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे उपचारांविषयी अधिकारवाणीने बोलणे माझे काम नव्हे. परंतु खर्च झालेल्या प्रत्येक रुपयाचे आणि प्रत्येक तासाचे पुढे काय झाले, हे विचारणे माझे काम आहे. त्याच दृष्टीने थेट ऑनलाइन प्रशिक्षण कशास म्हणतात, ते कसे आखले म्हणजे उपयोगी पडते आणि कसे आखले म्हणजे वाया जाते, हे येथे मांडत आहे.

प्रशिक्षण का आणि ऑनलाइन का?

रुग्णालयात ज्ञान एकदा मिळवून पुरत नाही. औषधे बदलतात, उपचारांचे संकेत बदलतात, कायदे बदलतात. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 चेच उदाहरण घ्यावे. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्यास नेमणुकीच्या वेळी आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण देणे या नियमांनी बंधनकारक केले आहे. पिवळी, लाल, पांढरी आणि निळी अशी विभागणी भिंतीवरील तक्त्यावर असते. पण वापरलेली सुई घाईच्या वेळी हातून कोठे पडते, हे सवयीवर ठरते. त्या सुईचा धोका डॉक्टरांपेक्षा सफाई करणाऱ्या मावशींना अधिक असतो.

सिकलसेल आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले. सर्पदंशाबाबत केंद्र शासनाने मार्च 2024 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून 2030 पर्यंत मृत्यू आणि अपंगत्व निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. हे दोन्ही विषय डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांतील आहेत. दिल्लीत आराखडा जाहीर होतो त्या दिवशी आपल्या रात्रपाळीच्या परिचारिकेच्या हाताला तो ठाऊक होत नाही. मधले अंतर प्रशिक्षणानेच कापावे लागते.

हे अंतर शब्दशःही आहे. डहाणू रोड ते चर्चगेट हा लोहमार्ग सुमारे 124 किलोमीटरचा आहे. तलासरीच्या बाजूने येणाऱ्या कर्मचाऱ्यास आधी रस्त्याने रेल्वे स्थानक गाठावे लागते. मुंबईतील दोन तासांच्या वर्गासाठी एका परिचारिकेचा संपूर्ण दिवस जातो आणि तिच्या जागी दुसरी उभी करावी लागते. मोठ्या रुग्णालयास हे परवडते. छोट्या रुग्णालयात एक परिचारिका बाहेर गेली की एक वॉर्ड उघडा पडतो. वर्षानुवर्षे याचा परिणाम असा होत आला की, बाहेरच्या प्रशिक्षणास ज्येष्ठ व्यक्तीच जात आणि ज्यांचा हात रुग्णास प्रथम लागतो, त्या मागेच राहत.

शिकणाऱ्यास शाळेपर्यंत येता येत नसेल, तर शाळेने त्याच्याकडे जावे, हा विचार आपल्या भागास नवा नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने पुढे ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले. पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. मुलाचे काम सुटत नाही, हे त्यांनी मान्य केले आणि शिक्षण त्या कामाच्या शेजारी नेऊन ठेवले. नोकरी करणाऱ्या प्रौढांच्या प्रशिक्षणासही हाच न्याय लागू आहे, असे मला वाटते.

दूरवरून शिकवण्याचा प्रयोगही आपल्या देशाने फार पूर्वी केला आहे. 1 ऑगस्ट 1975 पासून एक वर्ष सहा राज्यांतील 2400 गावांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी कार्यक्रम दाखवले गेले. त्यात प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचाही समावेश होता. 2004 च्या सप्टेंबरमध्ये केवळ शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडण्यात आला. 2020 मध्ये करोनाच्या साथीत लाखो आरोग्य कर्मचाऱ्यांना घरबसल्या शिकवण्यावाचून गत्यंतरच उरले नाही. तंत्र दर वेळी सुधारत गेले. पडद्यापलीकडे बसलेला माणूस शिकतो आहे की नुसता बसला आहे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

आमची पहिली चूक

या प्रश्नाकडे आम्हीही प्रथम दुर्लक्ष केले. सर्पदंशाच्या उपचारांवरील आमचा पहिला ऑनलाइन वर्ग दोन तासांचा होता. व्याख्याते विद्वान होते, चित्रफिती नेटक्या होत्या, हजेरीपत्रकावर सर्वांच्या सह्या होत्या. समारोपास आभारप्रदर्शन झाले आणि छायाचित्रही काढले. माझ्या दप्तरी हा उपक्रम यशस्वी म्हणून नोंदला गेला.

काही आठवड्यांनी, भातलावणीच्या दिवसांत, साप चावल्याच्या संशयावरून एका स्त्रीस रात्री आणण्यात आले. अशा वेळी रक्त गोठते की नाही, हे पाहण्याची एक साधी चाचणी असते. शिरेतील थोडे ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, नळी न हलवता 20 मिनिटे ठेवायची आणि मग एकदाच तिरपी करून पाहायची. रक्त पातळच राहिले, तर घोणस किंवा फुरसे यांच्या विषाची शक्यता मानून प्रतिसर्पविष देण्याचा निर्णय डॉक्टर घेतात. यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती काचेची नळी, घड्याळ आणि संयम.

त्या रात्री रक्त घेतले गेले प्लॅस्टिकच्या नळीत. ते गोठले नाही. काचेच्या स्पर्शाने रक्त गोठण्याची क्रिया सुरू होते, तशी ती प्लॅस्टिकने होत नाही. त्यामुळे निरोगी माणसाचे रक्तही प्लॅस्टिकमध्ये पातळ दिसू शकते. साबणाने धुतलेल्या काचेच्या नळीतही असाच चकवा होतो. कर्तव्यावरील डॉक्टरांच्या लक्षात ही गोष्ट आली आणि त्यांनी काचेच्या नळीत पुन्हा चाचणी केली. रक्त व्यवस्थित गोठले. रुग्ण देखरेखीखाली राहून सुखरूप घरी गेली. पण पहिली 20 मिनिटे वाया गेली. ज्याची गरज नव्हती आणि ज्याची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, असे औषध तिच्या शिरेत जाण्यापासून आपण थोडक्यात वाचलो. बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या नवऱ्याने आणि सासूने ती सगळी वेळ कशी काढली असेल, हे मी येथे लिहू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाच्या चित्रफिती उघडून पाहिल्या. ‘काचेची नळी’ हे शब्द तेथे होते, अकराव्या चित्रात, इंग्रजीत, सात ओळींमधील चौथ्या ओळीवर. संबंधित परिचारिकेने मला शांतपणे सांगितले, “सर, ते माझ्यासमोरून गेलं असेल. पण त्या दोन तासांत मी दोनदा वॉर्डात जाऊन आले.” वर्गाची वेळ मीच ठरवली होती, औषधे वाटण्याच्या वेळेस. सही तिची होती. चूक माझी होती.

वेळेचा हिशेब

या प्रसंगानंतर मी प्रशिक्षणाकडे हिशेबनिसाच्या नजरेने पाहू लागलो. समजा, 24 कर्मचारी दोन तास वर्गात बसले. म्हणजे 48 मनुष्यतास झाले. आठ तासांच्या पाळीने मोजले, तर पूर्ण सहा पाळ्या. कोणी सहा पाळ्यांचे वेतन कारण न विचारता मंजूर करील काय? इंटरनेटचे देयक या रकमेपुढे किरकोळ ठरते. ऑनलाइन प्रशिक्षण स्वस्त असते, हा समज म्हणूनच अर्धवट आहे. प्रवासखर्च वाचतो हे खरे. पण सर्वांत महाग वस्तू, म्हणजे कर्मचाऱ्याचा वेळ, तेवढाच खर्च होतो.

यातून पहिला नियम आपोआप निघाला. जे वाचून, ऐकून किंवा पाहून एकट्यास शिकता येते, त्यासाठी सर्वांना एका वेळी एकत्र बसवू नये. नियमांची यादी, औषधांची नावे, पार्श्वभूमी यांसाठी दोन पानांचे मराठी टिपण किंवा पाच मिनिटांची ध्वनिचित्रफीत पुरते. ती रात्रपाळीच्या निवांत वेळीही पाहता येते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने आरोग्य आणि पोषण विषयांवरील अशा छोट्या चित्रफिती मराठीसह अनेक भारतीय भाषांत केल्या आहेत. थेट वर्गाची वेळ राखून ठेवावी ती ज्यास दुसरा माणूस लागतो अशाच कामासाठी, म्हणजे प्रश्न, सराव, चर्चा आणि चुकीची दुरुस्ती.

दुसरा नियम असा की, वर्गाचे नाव विषयावरून न ठेवता कृतीवरून ठेवावे. ‘सर्पदंश व्यवस्थापन’ या नावाखाली सर्व काही मावते आणि हाती काही लागत नाही. ‘20 मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी बिनचूक करणे’ या नावाखाली एकच गोष्ट मावते आणि ती झाली की नाही, हे तपासताही येते. व्याख्यात्यांना आम्ही आता काय सांगणार असे विचारत नाही. वर्ग संपल्यावर आमच्या कर्मचाऱ्यास काय करता येईल, असे विचारतो. काही जणांना हा प्रश्न प्रथम उद्धट वाटला. नंतर तेच आम्हास अधिक नेमके शिकवू लागले.

एका वर्गाची आखणी

वाचकांस स्पष्ट कल्पना यावी म्हणून आमच्या सुधारित वर्गाची रूपरेषा देतो. वर्ग 45 मिनिटांचा असतो. संख्या वीसच्या आत ठेवली जाते. तीन-तीन जणींचा गट आपापल्या विभागात एका पडद्यासमोर बसतो. शिकवणारी व्यक्ती एक आणि तिच्या जोडीला एक सहायक असतो. कोणाचा आवाज तुटतो, कोणी प्रश्न लिहून पाठवला, कोण बराच वेळ गप्प आहे, हे सहायक पाहतो. एकाच माणसाने शिकवायचे आणि यंत्रही सांभाळायचे असे केले, तर दोन्ही कामे अर्धीच होतात.

पहिली पाच मिनिटे: ओळख, स्वागत, मान्यवर यांस फाटा दिलेला असतो. पहिलेच वाक्य असते, “आपल्या विभागातील काचेची नळी घेऊन या.” कोठे नळी सापडते, कोठे सापडत नाही. एका विभागात ती कुलूपबंद कपाटात निघाली आणि किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरांच्या पिशवीत. कोणत्याही व्याख्यानाने हे आम्हास कळले नसते.

पाचव्या मिनिटास: स्वेच्छेने पुढे आलेल्या एका सहकाऱ्याचे थोडे रक्त कॅमेऱ्यासमोर एका काचेच्या आणि एका प्लॅस्टिकच्या नळीत घेतले जाते. घड्याळ लावले जाते. नळ्यांना कोणी हात लावायचा नाही.

पुढील 20 मिनिटे: चाचणीचा हा थांबण्याचा वेळ चर्चेस मिळतो. एक परिचारिका आपल्या विभागातील खऱ्या रुग्णाची हकिगत सांगते. नाव, गाव आणि ओळख पटेल असा तपशील वगळून. उदाहरणार्थ, जमिनीवर झोपलेला मुलगा पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो, अंगावर दंशाची खूण दिसत नाही, काही वेळाने पापण्या जड होतात. नाव घेऊन विचारले जाते, “पहिल्यांदा काय पाहाल? डॉक्टरांना कोणत्या शब्दांत कळवाल?” येथेच एक महत्त्वाची गोष्ट उलगडते. मण्यार आणि नाग यांचे विष प्रामुख्याने मज्जातंतूंवर परिणाम करते. त्यांच्या दंशात रक्त व्यवस्थित गोठू शकते. म्हणून चाचणी चांगली आली याचा अर्थ धोका टळला असा नाही. श्वास, पापण्या, गिळणे आणि बोलणे यांवर लक्ष ठेवावेच लागते आणि चाचणीही डॉक्टर सांगतील त्या अंतराने पुन्हा करावी लागते.

पंचविसाव्या मिनिटास: दोन्ही नळ्या तिरप्या केल्या जातात. काचेतील रक्त गोठलेले असते. प्लॅस्टिकमधील रक्त तसेच गोठेल याचा भरवसा नसतो. कधी ते पातळच राहते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेली परिचारिका ते सहसा विसरत नाही.

उरलेली 20 मिनिटे: प्रत्येक गट सर्व पायऱ्या न पाहता तोंडी सांगतो, चुकेल तेथे दुसरा गट दुरुस्त करतो. शेवटी प्रत्येकीने उद्या आपल्या विभागात कोणता एक बदल करणार, हे एका वाक्यात सांगायचे. किल्ली खिळ्यावर टांगण्याचा निर्णय याच वाक्यांतून झाला.

समजले का, असे विचारू नये

‘समजले का?’ या प्रश्नास आपल्याकडे एकच उत्तर मिळते, ‘हो’. वरिष्ठांसमोर ‘नाही’ म्हणण्याची रीत नाही. पडद्यावर तर तेवढेही ऐकू येत नाही. म्हणून आम्ही तो प्रश्न वर्गातून हद्दपार केला. त्याऐवजी सांगा, दाखवा, मोजा असे म्हणतो.

यामागे शास्त्रही आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी वाचून झाल्यावर तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली, तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. ऐकताना सोपे वाटणे आणि लक्षात राहणे या भिन्न गोष्टी आहेत. वर्ग संपताच भरून घेतलेल्या ‘फारच छान’ अशा अभिप्रायांवर मी विसंबत नाही, त्याचे कारण हेच.

रुग्णाच्या हकिगतीवर आधारित पद्धतीचे मोठे उदाहरण म्हणजे ‘प्रोजेक्ट एको’. डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात तो सुरू केला. हेपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराचे तज्ज्ञ शहरात आणि रुग्ण दूरवरच्या वस्त्यांत, अशी तेथील स्थिती होती. त्यांनी रुग्णांना शहरात बोलावण्याऐवजी गावोगावच्या डॉक्टरांना नियमित पडद्यावर एकत्र आणले. व्याख्यान थोडे, भर प्रत्येकाने मांडलेल्या रुग्णावर. 2011 मध्ये 407 रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यापीठातील तज्ज्ञांकडे 57.5 टक्के रुग्णांत विषाणू नाहीसा झाला होता, तर गावोगावच्या केंद्रांत 58.2 टक्के. म्हणजे गावातला उपचार शहराच्या तोडीस उतरला. भारतात निम्हान्ससारख्या संस्थांनीही ही पद्धत स्वीकारली आहे.

आपल्या डहाणूतही सर्पदंशाबाबत असे भरीव काम झाले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या येथील आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रामार्फत डॉक्टर, आरोग्य कर्मचारी आणि गावकरी यांच्या प्रशिक्षणाचा उपक्रम राबवला गेला. डहाणू उपजिल्हा रुग्णालयातील सर्पदंशाच्या नोंदींचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्धही झाला. देशात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख मृत्यू झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातील बहुसंख्य ग्रामीण भागातील होते. काचेच्या एका नळीवर एवढे लिहिण्याचे कारण या आकड्यात आहे.

भाषा, वीज आणि आवाज

आमच्या कर्मचाऱ्यांत घरी वारली बोलणारे आहेत, गुजराती बोलणारे आहेत आणि मराठी बोलणारे आहेत. रुग्ण तर आपल्याच बोलीत दुखणे सांगतो. म्हणून वर्ग मराठीत घेतला जातो आणि लक्षण सांगताना ‘रुग्ण हे कोणत्या शब्दांत सांगेल?’ असे विचारले जाते. त्या वेळी ज्या मावशी इतर वेळी मागे बसतात, त्याच शिक्षिका होतात. इंग्रजी संज्ञा टाळल्या जात नाहीत, कारण केसपेपरवर त्याच लिहाव्या लागतात. पण एका चित्रावर एकच गोष्ट आणि मोठी अक्षरे, एवढे पथ्य आहे.

पावसाळ्यात वीज जाते आणि जोडणी तुटते. यावर उपाय म्हणून तीन गोष्टी ठरवल्या आहेत. चित्र गेले तरी चालेल. आवाज जाता कामा नये. म्हणून जोडणी मंद झाली की प्रथम कॅमेरे बंद करतात. तेही न जमल्यास साध्या फोनवर सर्वांना जोडून घेतात. आणि वर्गाचे टिपण आधीच कागदावर प्रत्येक गटाकडे असते. विनामूल्य खात्यावर काही सेवांचा वर्ग 40 मिनिटांत बंद पडतो. हा अनुभव ऐन प्रश्नोत्तरांत आल्यावर आम्ही सशुल्क खाते घेतले. खर्चपत्रकातील ती नोंद याचीच.

वेळही आता मेट्रनबाई ठरवतात, मी नव्हे. औषधांच्या वेळा, डॉक्टरांची फेरी आणि भेटीची वेळ टाळली जाते. रात्रपाळी करून निघालेल्या व्यक्तीस थांबवून वर्गात बसवले जात नाही. वर्गात बसलेल्या प्रत्येकीच्या जागी वॉर्डात कोण आहे, हे आधी लिहून घेतल्याखेरीज वर्ग सुरू होत नाही. तोच वर्ग दोन वेगवेगळ्या दिवशी घ्यावा लागतो. पण दोनदा वॉर्डात जाऊन येणारी विद्यार्थिनी आता नसते.

जे पडद्यावर होत नाही

ऑनलाइन पद्धतीचे गुणगान करताना तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. श्वास थांबलेल्या रुग्णास फुगा दाबून श्वास देणे, जन्मतः न रडलेल्या बाळास पहिल्या मिनिटात सावरणे, शीर शोधणे ही हातांची कामे आहेत. त्यांची तयारी पडद्यावर होते. सराव पुतळ्यावर आणि अनुभवी सिस्टरांच्या नजरेखालीच होतो. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा डहाणू-तलासरीने कित्येक रात्री अंगणात काढल्या. अशा वेळी रुग्णांना बाहेर कसे काढावे, हे चित्रफीत पाहून येत नाही. सलाइन लावलेला रुग्ण खाटेसह दारातून एकदा बाहेर काढून पाहिल्यावरच दार अरुंद आहे की नाही, हे कळते.

ज्ञानाचा घसारा

वाणिज्याच्या विद्यार्थ्यास घसारा ही संकल्पना परिचित असते. यंत्र वापरले तर झिजते. ज्ञानाचे उलट आहे. वापरले नाही तर झिजते. हर्मन एबिंगहाऊस या जर्मन अभ्यासकाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की, पाठ केलेल्या गोष्टींचा मोठा भाग पहिल्या काही तासांत आणि दिवसांत विसरला जातो. म्हणून एक मोठा वर्ग घेण्याऐवजी आम्ही 45 मिनिटांचा वर्ग, आठवड्याने 10 मिनिटांची उजळणी आणि पावसाळ्यापूर्वी पुन्हा एक सराव अशी विभागणी करतो.

मोजमापाबाबत डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या उपयोगी पडतात. शिकणाऱ्यास वर्ग आवडला का, तो काही शिकला का, कामावर गेल्यावर त्याचे वागणे बदलले का आणि अखेर त्याचा परिणाम दिसला का? हजेरीपत्रक तर पहिल्या पायरीपर्यंतही पोहोचत नाही. ती केवळ रोकडवहीतील खर्चाची नोंद आहे. नफा-तोट्याचे पत्रक नव्हे. आता मेट्रनबाई कोणतीही पूर्वसूचना न देता एखाद्या विभागात जातात आणि म्हणतात, “काचेची नळी दाखवा.” ती किती वेळात हाती येते, हे वहीत लिहितात. माझ्या दृष्टीने प्रशिक्षणाचा खरा ताळेबंद त्या वहीत आहे.

शेवटी दोन विनंत्या

देणगीदारांस विनंती अशी की, प्रशिक्षणासाठी दिलेल्या रकमेवर फलक लागत नाही, कोनशिला बसत नाही, हे खरे आहे. परंतु आपण दिलेले कोणतेही यंत्र अखेर कोणाच्या तरी हातून चालते. त्या हाताच्या तयारीसही आपला वाटा असावा. किती वर्ग घेतले, हा प्रश्न मला जरूर विचारावा. पण त्याबरोबर त्या वर्गांमुळे काय बदलले, हेही विचारावे.

रुग्णांच्या नातेवाइकांस विनंती अशी की, तीन परिचारिका हेडफोन लावून पडद्यासमोर बसलेल्या दिसल्या, तर गैरसमज नसावा. एका गृहस्थांनी ‘सिस्टर मोबाइल पाहत बसतात’ अशी लेखी तक्रार केली होती. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही, कारण आम्ही त्यांना काही सांगितलेच नव्हते. आता वर्ग सुरू असताना दारावर पाटी असते आणि आपल्या रुग्णाकडे त्या वेळी कोण पाहत आहे, त्यांचे नावही त्यावर लिहिलेले असते. पाटीवर नाव नसेल, तर माझ्या कार्यालयात येऊन अवश्य विचारावे. दार उघडेच असते.

 त्या रात्री स्वतःची चूक न लपवता सर्व हकिगत सांगणाऱ्या परिचारिकेचा विशेष ऋणी आहे. आज नव्याने रुजू होणाऱ्यांना रक्त गोठण्याची चाचणी त्याच शिकवतात. त्यांचा वर्ग काचेच्या नळीपासूनच सुरू होतो.

– प्रशासक